तीन भाकऱ्यांची चूक

‘आज तीन भाकऱ्या कमी करा,’ मोबाइल म्हणाला. आत्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, शेजारची रिकामी दुरडी उचलली आणि स्टँडवरच्या मोबाइलवर पालथी घातली.

‘अहो आत्या, कॅमेरा आहे तो. आता त्याला काही दिसायचं नाही.’

‘दिसून काय करायचंय? भाकरी थापायला येतोय का तो?’

‘तुम्ही तीन जास्त करताय, एवढंच सांगतोय तो. रोज सांगतोय.’

‘मग मीही रोज ऐकतेय.’ त्यांनी भाकरीवरून पाण्याचा हात फिरवला. ‘आणि तो कुठला सांगतोय, आवाज तर तुझाच आहे. तोंडावर बोलायचा धीर होत नाही म्हणून डबीतून बोलतीस.’

आवाज माझाच होता हे खरं. बाहेरचा आवाज घ्यायला सोय नव्हती म्हणून मीच माझ्या आवाजात सगळी वाक्यं भरली होती. आता माझाच आवाज दुरडीखालून गुदमरत ‘तीन भाकऱ्या कमी करा’ म्हणत होता आणि मला स्वतःचीच चीड येत होती.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, इंदुमती गाडेकर. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे. जुळे सोलापुरात आमचं बैठं घर. नवरा, सुहास, हैदराबादला नोकरीला, महिन्यातून एखाद-दोनदा यायचा. घरात आम्ही दोघी आणि तिसरं ते ॲप. इंजिनिअरिंग कॉलेजातली शिकवायची नोकरी सोडून मी ते करायला घेतलं होतं. नाव ठेवलं होतं ‘उरलंसुरलं’. घरात किती शिजतं, किती खातात, किती उरतं आणि किती कचऱ्यात जातं हे त्यानं बघायचं आणि उद्या किती करायचं ते सांगायचं, इतकी साधी कल्पना. पिठाच्या डब्याखाली एक वजनकाटा, ओल्या कचऱ्याच्या बादलीखाली दुसरा, ओट्यावर मोबाइल. आमच्या गल्लीतली आठ घरं मी हातापाया पडून या प्रयोगात घेतली होती.

लोक म्हणतात, एआय आपलं आपण शिकतं. कुणाचं शिकतं देव जाणे, माझं तर एका जागी बसून शिकत नव्हतं. आमच्याकडची कडक भाकरी महिनाभर टिकावी म्हणूनच वाळवतात, तर हे शहाणं तिला बघून ‘खराब झाली, टाकून द्या’ म्हणायचं. शेंगाचटणीला त्यानं एकदा माती म्हटलं. ताकाला फेस दिसला की नासलं म्हणायचं. एकेक फोटो दाखवून, बाळाला बडबडगीत शिकवावं तसं मी त्याला शिकवत आले होते. कडक भाकरी शिकलं, चटणी शिकलं, धपाटं आणि थालीपीठ यातला फरकसुद्धा शिकलं. आठातल्या सहा घरांचे आकडे चोख लागत होते.

उरलेली दोन घरं माझ्या छातीवर बसली होती. एक आमचं. इथं तीन भाकऱ्या रोज होत होत्या आणि नाहीशा होत होत्या. कुणी खाल्ल्या नाहीत, दुरडीत उरल्या नाहीत, बादलीतही नाहीत. दुसरं घर शेजारच्या बोराटे बाईंचं. तिथं बाई रोज भाकरी खात होत्या, ताटाचा फोटो रीतसर येत होता, आणि डब्यातलं पीठ मात्र उतरत नव्हतं.

शनिवारी पुण्याहून सबनीस मॅडम येणार होत्या. नव्या उद्योगांना वर्षभर आसरा देणारं एक केंद्र त्या चालवायच्या. प्रत्यक्ष घरात बसून प्रयोग बघायचा असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी निवडलं तर वर्षभराची जागा, यंत्रं, मदतीला दोन माणसं मिळणार होती. नाही निवडलं तर जूनपासून मी परत कॉलेजात, असं मी सुहासला कबूल केलं होतं. आणि आठातली दोन घरं खोटी निघत असताना निवडणार कोण?

‘आत्या, एकदाच नीट सांगा. त्या तीन भाकऱ्या जातात कुठं?’

‘गाईला घातल्या.’

‘परवा म्हणालात, कुत्र्याला.’

‘परवा कुत्रं आलं हुतं.’

‘आणि त्याच्या आदल्या दिवशी तुम्हाला भूक होती म्हणून तुम्हीच खाल्ल्या. तीन. जास्तीच्या.’

‘मग? माझं पोट मोजणार का आता? त्याच्याखाली पण काटा लाव की.’

माझी खात्री होत चालली होती की त्या भाकऱ्या टाकतात, लपवून टाकतात, मला कळू नये म्हणून. आणि आत्यांसारखी, सांडलेला दाणा टिपून घेणारी बाई अन्न टाकील हेही पटत नव्हतं. या दोन्हीच्या मधे माझं डोकं भणाणून जायचं.

गुरुवारी सकाळी मी बोराटे बाईंकडे गेले. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सुहासला त्यांनीच शिकवलं, आणि त्यांच्या मुलाला, धनंजयलाही. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच राहायच्या. दार उघडलं तेव्हा दोन्ही हात पदरात गुंडाळलेले होते.

‘ये कांचन. थंडी काय आहे बघ.’

थंडी मला तरी वाजत नव्हती. मी पिठाचा डबा उतरवला, काट्यावर दुसरी वजनं ठेवून बघितली. काटा ठीक होता.

‘बाई, तुम्ही पीठ याच डब्यातलं घेता ना?’

‘कधी यातलं, कधी त्या पिशवीतलं.’

‘मग पिशवीसुद्धा काट्यावर ठेवा ना. किती वेळा सांगितलं मी.’ माझा आवाज चढलाच. शाळेतल्या बाईंशी असं बोलतात का, असं मनात आलं, पण चढला.

बाई रागावल्या नाहीत. ‘चहा घेतला असतास, पण गॅसची नळी बदलायचीय,’ म्हणाल्या आणि पेरू पुढं केला. कापलेला नव्हता, अख्खाच.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तो त्यांनी टेबलावर ठेवूनच बोटानं स्पीकरवर टाकला. पुण्याहून धनंजय होता.

‘आई, आज काय करतीयेस?’

‘शेपू. आणि भाकरी. दुपारी ॲपवर बघ की. कांचन आलीय इथं, बोल तिच्याशी.’

‘वहिनी, तुमचे किती आभार मानू,’ धनंजय म्हणाला. मनापासून म्हणाला. सबनीस मॅडमची ओळख त्यानंच करून दिली होती, त्याचंच बोट धरून मी तिथवर पोचले होते. ‘मीटिंगमधे असलो तरी बाराला मी आईचं ताट बघतो. मागच्या वर्षी तिनं दूध उतू घालून गॅस विझवला, घरभर वास. तेव्हाच आमचं ठरलंय. तिचं ती करतीय तोवर सोलापूर. ज्या दिवशी तिचा स्वयंपाक थांबेल त्या दिवशी मी न्यायला येणार. मग ऐकणार नाही. परवा मी पण मॅडमबरोबर येतोच आहे.’

फोन बंद झाला. बाई खिडकीकडे बघत होत्या. ‘त्याच्याकडे अकराव्या मजल्यावर आहे घर,’ त्या म्हणाल्या. ‘चांगलं आहे. सकाळी दोघं जातात, नात जाते. मग संध्याकाळपर्यंत घराला माणूस म्हणून मी एकटी. महिनाभर राहून आलेय मी. इथं निदान दारातनं जाणारा पोरगा थांबून विचारतो, बाई, ओळखलंत का.’

मी हो हो केलं आणि पेरू घेऊन निघाले. खरं सांगायचं तर त्यांचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलंच नाही. डोक्यात पीठ होतं.

शुक्रवारी सकाळी आकड्यांचं चित्र तयार करायला बसले. ॲपमधे मी एक सोय केली होती: एकाच पदार्थाचा फोटो दोनदा आला तर दुसरा बाजूला टाकायचा, म्हणजे एक भाकरी दोनदा मोजली जाणार नाही. अशा बाजूला टाकलेल्या फोटोंचा ढीग साचला होता. तो साफ करावा म्हणून उघडला, तर त्यात जोड्याच जोड्या. डावीकडे गाडेकर, उजवीकडे बोराटे. पुन्हा गाडेकर, पुन्हा बोराटे.

‘मूर्खा,’ मी त्याला म्हणाले. ‘दोन घरं आहेत ही. दोन घरांत एकच भाकरी कशी असेल?’

मग डावा फोटो मोठा केला. आमची दुरडी, वरची भाकरी. तिच्या कडेला चंद्रकोरीएवढा काळा डाग. आत्यांचा लोखंडी तवा एका बाजूला ठेचला गेलाय, त्यामुळं त्यांच्या प्रत्येक भाकरीला तो डाग पडतोच. उजवा फोटो मोठा केला. बाईंचं ताट, शेपूची भाजी, आणि भाकरीच्या कडेला तोच डाग.

आधीच्या जोड्या बघितल्या. प्रत्येकीत तो डाग होता. माझ्या त्या यंत्रानं तीन महिने रोज मला सांगितलं होतं की ही भाकरी तीच आहे, आणि मी त्याला तीन महिने चूक म्हणत होते.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. मागचं दार उघडं होतं. ओट्यावर बाईंचा पितळी कडीचा डबा धुऊन उपडा घातलेला. तो डबा काही लपवलेला नव्हता. रोज सकाळी मागच्या ठेंगण्या भिंतीवरून तो यायचा, चमचाभर शेंगाचटणी नाहीतर दोन मिरच्या घेऊन, आणि बाराच्या आत जायचा. मी रोज बघायचे. पण शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपण इतकं लहानपणापासून करत आलेलो असतो की ते देणं वाटतच नाही. ॲपमधे मी खाल्लं, उरलं, टाकलं, जनावरांना घातलं, सगळे रकाने ठेवले होते. डब्यातून गेलं, असा रकाना माझ्या मनातच आला नव्हता. आठ घरांतल्या एकाही बाईनं तो मागितला नव्हता.

‘आत्या.’

त्या शेंगा सोलत होत्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं.

‘कळलं का?’

‘कधीपासून?’

‘बाईंचे हात दिवाळीच्या आधीपासूनच थरथरतात. आता भाकरी थापायला गेल्या की फाटते, भाजी चिरायला गेल्या की बोट चिरतं. चटणी तेवढी मिक्सरवर होते.’

‘आणि तुम्ही रोज स्वयंपाक करून देता.’

‘कुठं देते?’ आत्या शांतपणे म्हणाल्या. ‘त्यांनी कधी मागितलं नाही, मी कधी दिलं नाही. त्यांचा डबा येतो. रिकामा कसा पाठवायचा म्हणून भरते. एवढंच हाय ते.’

‘मला का नाही सांगितलंत? मी तीन महिने वेड्यासारखी पीठ मोजतेय.’

‘तुला सांगितलं तर तू लिहिणार. लिहिलं की धनू बघणार.’

मी खुर्चीवर बसले. आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? बाईंची दया? नाही. मला आनंद झाला. माझं ॲप बरोबर होतं. आमच्या घरातल्या तीन गेलेल्या आणि त्यांच्या घरात तीन आलेल्या, मधे काही हरवलेलंच नव्हतं. एकाच ठेचलेल्या तव्याची भाकरी दोन घरांत ओळखणारं यंत्र कुणाकडं होतं? सबनीस मॅडम खुर्चीतून उठल्या असत्या. मी तसं आत्यांना सांगितलंसुद्धा, भराभर, हातवारे करत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ‘मग दाखव,’ म्हणाल्या. ‘तुझं हक्काचं हाय. मी नको कशी म्हणू?’ आणि परत शेंगा सोलायला लागल्या.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भांडले असते. मला त्यांच्यावर, बाईंवर, धनंजयवर, त्या डब्यावर, सगळ्यांवर संताप येत होता. धनंजयचं तरी चुकत होतं का? आई एकटी, हात थरथरतात, गॅस. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं.

‘आणि गॅसचं काय?’ मी चिडूनच विचारलं. ‘उद्या काही झालं म्हणजे?’

‘सिलिंडरची नळी मीच काढून ठेवलीय,’ आत्या म्हणाल्या. ‘दिवसातनं दोनदा जाते की मी. किल्ली हाय माझ्याकडं.’

शनिवारी मंडळी आली. सबनीस मॅडम पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. धनंजय त्यांना आमचं घर स्वतःचं असल्यासारखं दाखवत होता. बाईही आल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून, हात पदरात. आत्यांनी जेवणाचा घाट घातला होता, भाकरी, भरली वांगी, दही.

मी पडद्यावर चित्र दाखवलं. सहा घरांचे आकडे बघताना मॅडम मान हलवत होत्या. मग त्यांनी बोट ठेवलं.

‘ही दोन घरं. इथं तीन भाकऱ्या कमी आणि इथं तीन जास्त. हे काय आहे?’

खोलीत आम्ही पाचजण होतो. आत्या दारात, हातात वाटी. बाई खुर्चीत ताठ बसलेल्या, वर्गात बसायच्या तशा. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीवरच्या पडद्यावर त्यांच्या नावासमोरचा आकडा वाचत होत्या. गणिताच्या बाईंना तो वाचायला किती वेळ लागणार? एकातून तीन गेले, दुसऱ्यात तीन आले. त्यांना त्याच क्षणी कळलं असणार की मला कळलंय.

पुढचा फोटो माझ्या बोटाखालीच होता. दोन भाकऱ्या, दोन डाग. नुसतं बोट दाबायचं होतं.

‘ती चूक आहे,’ मी म्हणाले.

‘कुणाची?’

‘ॲपची. भाकऱ्या एकावर एक ठेवल्या की त्याला नीट मोजता येत नाहीत.’

‘बाकीच्या सहा घरांत येतात की.’

‘या दोन घरांत नाही येत.’

‘आणि पीठ? बोराटे बाईंचं पीठ उतरतच नाहीये. काटा तपासला?’

‘काटा बिघडलाय.’ परवाच तपासलेला काटा.

धनंजय पुढं सरकला. ‘वहिनी, एक मिनिट. मग आईच्या ताटाचं जे मी रोज बघतो ते?’

‘फोटो बरोबर आहेत भाऊजी. फोटोत चूक कशी होईल. फक्त मोजण्यात आहे.’

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या हुशार बाई होत्या, त्यांना काहीतरी खुपत होतं. ‘सोपं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘आपण इथंच बघू. बोराटे बाई, तुम्ही एक भाकरी थापता का? कॅमेऱ्यासमोर, पीठ वजन करून. कुठं चुकतंय ते लगेच कळेल.’

बाईंच्या पदरातले हात हलले. धनंजय उत्साहानं म्हणाला, ‘हो आई, चल, दाखव.’

‘असं कसं?’ आत्या दारातून म्हणाल्या. वाटी त्यांनी ठक्कन टेबलावर ठेवली. ‘माझ्या घरी जेवायला आलेल्या माणसाला मी चुलीपुढं बसवू? लोक काय म्हणतील? धनू, तुझ्या आईला कामाला लावायला बोलावलं का रे मी?’

‘अहो काकू, एकच भाकरी...’

‘एक काय नि अर्धी काय. पाहुणी हाय ती.’

मॅडम हसल्या. ‘बरं. मग जेवण झाल्यावर आपण त्यांच्याच घरी जाऊ. शेजारीच तर आहे.’

आता आत्यांपाशी काही उरलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

‘मॅडम, नको,’ मी म्हणाले. माझा आवाज मलाच चिडका ऐकू आला, आणि तसा तो होताच. ‘जाऊन काही उपयोग नाही. चूक कुठं आहे मला माहीत आहे, ती माझ्या कामातच आहे. आणि ती मला दुरुस्त करता येत नाहीये. हे ॲप तयार नाही. तुम्हाला बोलवायला घाई केली मी.’

मी पडदा बंद केला. तीन महिन्यांनी सापडलेलं बरोबर उत्तर त्याच्यामागं राहिलं.

मॅडमनी जेवताना सोलापूरच्या चादरींविषयी विचारलं, यावरून मला कळलं की संपलं. धनंजय माझ्याशी बोलतच नव्हता. त्यानं मॅडमपाशी माझा शब्द टाकला होता, त्याचा चेहरा उतरणारच. तो भाकरी मोडता मोडता थांबला, कडेच्या काळ्या डागाकडे बघत राहिला.

‘काकू, आईच्या भाकरीला पण असाच डाग असतो. फोटोत बघितलाय मी.’

‘असणारच,’ आत्या त्याच्या ताटात वांगं वाढत म्हणाल्या. ‘तवे दोघींनी एकाच यात्रेत घेतलेत. गड्ड्याच्या यात्रेत. वांगं गरम हाय, खा.’

निघताना त्यानं आईच्या मोबाइलवरून माझं ॲप काढून टाकलं. माझ्यासमोरच. ‘वहिनी, राग मानू नका, पण असलं चुकीचं काही आईकडे नको. त्यापेक्षा तिनं मला नुसता फोटो पाठवलेला बरा.’

मी म्हणाले, ‘बरोबर आहे.’

ते गेल्यावर मी खोलीत जाऊन दार लावलं आणि रडले. रागानं रडले. कुणाचं भलं केलं वगैरे मला काही वाटलं नाही. जूनमधे कॉलेजात फळ्यासमोर उभी असलेली मी मला दिसत होते, आणि ते पुढं तसंच झालं. ‘उरलंसुरलं’ पुन्हा कुणाला दाखवलं नाही. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. नंतर तशी किती ॲपं आली. त्यातल्या एकातही डब्याचा रकाना नाही, मी बघितलंय. बाई आणखी चार वर्षं त्यांच्या त्याच घरात राहिल्या, आणि गेल्या त्याही तिथूनच, झोपेत, उशाशी पेपर ठेवून.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं, रविवारचं.

सकाळी मागच्या दारात बाई स्वतः आल्या. डबा कधी त्या स्वतः घेऊन यायच्या नाहीत, भिंतीवर ठेवून हाक मारायच्या. आज दोन्ही हात पदराबाहेर होते, आणि कडी डब्यावर सारखी वाजत होती. मला तेव्हा पहिल्यांदा ते हात दिसले.

आत्यांनी डबा घेतला, उघडला. डबा रिकामा होता. चटणी नाही, मिरची नाही, चिमूटभर साखरसुद्धा नाही.

‘मिक्सरचं झाकण बसेना आज,’ बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, वर्गात विचारायच्या त्या सुरात, ‘कांचन, भाकरी देशील का?’

ओट्यावरचा मोबाइल मी अजून काढला नव्हता. तो माझ्या गोड आवाजात म्हणाला, ‘आज तीन भाकऱ्या कमी करा.’ मी दुरडी घेतली आणि त्याच्यावर घातली.

मग परात ओढली आणि पीठ घेतलं. आत्या बाजूला सरकल्या. लग्नानंतर इतकी वर्षं त्या घरात होते, पण माझी भाकरी कधी धड झाली नव्हती. तीही झाली नाही. थापताना एका बाजूनं फाटली, तव्यावर टाकताना दुमडली, ठेचलेल्या बाजूला टेकलीच नाही. मी ती उचलून बादलीत टाकायला निघाले, आणि पुढची घ्यावी म्हणून आत्यांनी पिठाला हात घातला.

‘थांब,’ बाई म्हणाल्या. ‘ती टाकू नको. तीच दे मला.’

‘अहो बाई, फाटलीय ती. आत्या करतील ना चांगली.’

‘इंदुमतीच्या चांगल्याच तर नकोत आता. धनूला फोटो पाठवायचाय. काल डागाकडं बघत होता तो.’ त्यांनी थरथरत्या हातानं ती फाटकी, वाकडी भाकरी माझ्याकडून घेतली आणि डब्यात नीट बसवली. ‘ही बघ. ही अगदी मी केल्यासारखी दिसते.’

त्या दिवसापासून बाईंच्या भाकऱ्या मीच करायला लागले.